खबर छत्तीस हजार किलोमीटरवरून येते, बंदरापर्यंत पोहोचते का?

इन्सॅट उपग्रह आणि आपला धंदा

व्यापारात मालाइतकीच खबरही महत्त्वाची असते, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या मार्केटात आज आंब्याच्या पेटीला काय दर फुटला, सुरतेहून माल निघाला की नाही, भट्टीवर कच्च्या विटा रचलेल्या असताना पाऊस येणार का, मासळी वाळत घालावी की आज थांबावे, रंगवलेले सूत अंगणात पसरावे की आत ठेवावे, या प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळाली तर रोजी शाबूत राहते. उशिरा मिळाली तर पदरचे घालावे लागते. ही खबर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्याचे काम गेली चाळीस वर्षे ज्या यंत्रणेने केले, तिचे नाव इन्सॅट, म्हणजे भारतीय राष्ट्रीय उपग्रह प्रणाली. दूरदर्शनच्या पडद्यावर ढगांचे चित्र दाखवताना हे नाव आपण हजार वेळा ऐकले आहे. पण आपल्या धंद्याशी त्याचा संबंध काय, याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही.

खबरीची ही गरज नवी नाही. मान्सून हा शब्द मुळात अरबी ‘मौसिम’वरून आला. त्याचा अर्थ ठरलेला काळ, हंगाम. अरबी समुद्रातली सारी तिजारत या मौसिमवर चाले. नैऋत्येच्या वाऱ्यावर गलबते हिंदुस्थानाकडे येत आणि ईशान्येच्या वाऱ्यावर परत जात. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिद या अरब दर्यावर्दीने तारे, वारे आणि प्रवासाला निघण्याचे दिवस यांवर ग्रंथ लिहिले, ते याच गरजेपोटी. आपल्या कोकणात बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतात. तो शब्दही फारसीतल्या ‘नाखुदा’वरून आला आहे. म्हणजे हवामानाची खबर हे या किनाऱ्यावरच्या धंद्याचे पहिले भांडवल आहे. साधन तेवढे बदलले.

एका उपग्रहाला तीन नोकऱ्या

विषुववृत्ताच्या बरोबर वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर त्याला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला एक दिवस लागतो. पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो एका जागी टांगल्यासारखा वाटतो. छपरावरची डिश एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती यामुळे. आणि तिथून खाली पाहिले तर अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि मधला सारा देश रात्रंदिवस नजरेसमोर राहतो.

भारताने या कामाची सुरुवात उसनवारीने केली. १९७५-७६ साली अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवण्यात आले. पुढे १९ जून १९८१ रोजी ‘अॅपल’ हा आपला प्रायोगिक दळणवळण उपग्रह फ्रेंच गयानातून वर गेला. तो बैलगाडीवर ठेवलेला असल्याचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. परदेशी लोक ते पाहून हसतात. पण लाकडी गाडी मुद्दाम घेतली होती, कारण धातूच्या वाहनावर ठेवले तर रेडिओ लहरींच्या चाचणीत अडथळा आला असता. जवळ असलेल्या साधनातून काम काढण्याची ही हिकमत आपल्या कारागिरांना वेगळी समजावून सांगायला नको.

इन्सॅटची कल्पना मात्र जगात वेगळी होती. इतर देश टेलिफोनसाठी एक, हवामानासाठी दुसरा असे उपग्रह ठेवत. आपल्याकडे पैसा कमी, म्हणून अंतराळ विभाग, दूरसंचार खाते, हवामान खाते आणि आकाशवाणी-दूरदर्शन यांनी मिळून एकाच उपग्रहाकडून टेलिफोन, प्रक्षेपण आणि ढगांची छायाचित्रे अशी तिन्ही कामे करून घ्यायचे ठरवले. भागीदारीत घेतलेल्या एका टेम्पोवर तिघांनी माल वाहावा, तसाच हा हिशेब.

भागीदारीचे फायदे असतात तशा अडचणीही असतात. ढगांचे उष्णता-चित्र घेणारे उपकरण फार थंड ठेवावे लागते. त्यासाठी उपग्रहाची एक बाजू मोकळ्या, गार अवकाशाकडे उघडी हवी. म्हणून सूर्याच्या उजेडावर वीज तयार करणारे पंख फक्त दुसऱ्या बाजूला बसवले. पण सूर्यप्रकाशाचाही बारीकसा रेटा असतो. एकाच बाजूला पंख असला की उपग्रह हळूहळू कलंडू लागतो. तोल सांभाळण्यासाठी मोकळ्या बाजूला एक लांब दांडा काढून त्याच्या टोकाला चक्क शीड बांधले. समुद्रात वाऱ्याचे शीड असते, हे उजेडाचे.

पहिला इन्सॅट-१ए अमेरिकेतल्या फोर्ड एरोस्पेस कंपनीकडून बनवून घेतला आणि तो १० एप्रिल १९८२ रोजी वर गेला. त्याचे हे शीड उघडलेच नाही. उपग्रह सावरता सावरता त्यातले इंधन संपले आणि सप्टेंबर १९८२ मध्ये तो सोडून द्यावा लागला. त्याचा विमा उतरवलेला होता, म्हणून पैसा पूर्ण बुडाला नाही. गेलेला वेळ मात्र कुठल्याच विम्यात भरून मिळत नाही. त्याचा जुळा भाऊ इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस ‘चॅलेंजर’ या अवकाशयानातून गेला. त्याचाही पंख आधी अडकला, पण तो सुटला, आणि या उपग्रहाने पुढची सात वर्षे देशाचा भार उचलला. १९८८ चा इन्सॅट-१सी निम्म्या ताकदीवर चालला आणि वर्ष-सव्वा वर्षात गेला. जून १९९० चा इन्सॅट-१डी मात्र २००२ पर्यंत टिकला. चार उपग्रहांत दोन पूर्ण कामाचे निघाले.

या नुकसानीतून एक गोष्ट चांगली झाली. विकत घेता घेता आपले लोक शिकत होते. १० जुलै १९९२ रोजी गेलेला इन्सॅट-२ए बंगळुरू आणि अहमदाबादच्या आपल्याच अभियंत्यांनी बनवला होता, ढगांचे चित्र घेणाऱ्या उपकरणासह. उस्तादाच्या शेजारी बसून हात उचलायचा आणि मग स्वतःचा कारखाना टाकायचा, अशीच ही चाल झाली. अमेरिकन उपग्रहाचे उष्णता-चित्र ११ किलोमीटरपर्यंतचा बारकावा दाखवी, आपले ८ किलोमीटरपर्यंतचा दाखवू लागले.

बाजाराला काय मिळाले

ज्यांनी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिली आहे, त्यांना एस.टी.डी. बूथचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. देशभर एस.टी.डी. पसरण्यात जमिनीवरच्या तारा आणि मायक्रोवेव्ह मनोरे यांचा वाटा मोठा होताच. पण जिथे तार न्यायची तर डोंगर फोडावा लागला असता किंवा समुद्र ओलांडावा लागला असता, तिथे उपग्रहाने काम भागवले. लेह, अंदमान, ईशान्येकडची राज्ये ही त्याची उदाहरणे. लक्षद्वीपच्या बेटांना कोचीहून समुद्राखालची केबल मिळाली ती थेट जानेवारी २०२४ मध्ये. तोवर सुकी मासळी आणि खोबरे विकणाऱ्या तिथल्या व्यापाऱ्याचा मुख्य भूमीशी होणारा प्रत्येक फोन उपग्रहावरून जाई.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुबई, कुवेत, सौदीहून आपल्या घरी येणारे फोन इन्सॅटवरून येत, असे कोकणात पुष्कळांना वाटे. तसे नव्हते. परदेशचे फोन इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह-जाळ्यावरून येत आणि पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उभारलेल्या विक्रम भू-केंद्रात उतरत. इन्सॅटचे काम देशाच्या आतले होते.

आतल्या व्यापारात त्याने सर्वांत मोठी उलथापालथ केली ती शेअर बाजारात. पूर्वी सांगली-सोलापूरच्या माणसाला शेअर घ्यायचा तर मुंबईच्या दलालाला फोन करायचा आणि तो सांगेल तो भाव खरा मानायचा. त्या दिवशी बाजारात खरोखर काय भाव होता, ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कळे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार सुरू केले, ते छपरावरच्या लहान डिश आणि इन्सॅट यांच्या जोरावर. मुंबईत जो भाव पडद्यावर दिसे, तोच त्याच क्षणी लहान गावातल्या पडद्यावरही दिसू लागला. मधल्या माणसाला भावाच्या अंधारातून मिळणारी कमाई आटली. शेअर बाजाराशी आपला संबंध असो वा नसो, कोणत्याही मंडईतल्या व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. खबर सर्वांना एकाच वेळी मिळू लागली की केवळ खबरीवर जगणाऱ्याचे दुकान बंद होते आणि मालाची पारख असणाऱ्याचे चालू राहते.

एकाच दोरावर सारा माल टांगण्याचा धोकाही याच बाजाराने पाहिला. ४ जून १९९७ रोजी वर गेलेल्या इन्सॅट-२डी चा वीजपुरवठा ऑक्टोबरच्या सुरुवातीला बिघडला आणि चार महिन्यांत उपग्रह निकामी झाला. एक्स्चेंजचे व्यवहार काही काळ थांबले. नवा उपग्रह बनवायला वर्षे लागतात. मग करायचे काय? सरकारने आकाशातच ‘सेकंडहँड’ सौदा केला. अरब लीगच्या देशांची, रियाधला मुख्यालय असलेली अरबसॅट नावाची संस्था आहे. तिचा १९९२ साली सोडलेला अरबसॅट-१सी नोव्हेंबर १९९७ मध्ये विकत घेऊन त्याचे नाव इन्सॅट-२डीटी ठेवण्यात आले. जुना माल पारखून घ्यायचा आणि नवा येईपर्यंत गिऱ्हाईक सांभाळायचे, हे आपल्या बाजारातले शहाणपण सरकारी खात्यालाही सुचले, हे विशेष.

आज शहरांतले फोन आणि इंटरनेट जमिनीखालच्या काचेच्या तारांतून धावतात. दळणवळणाच्या नव्या उपग्रहांना जीसॅट नाव मिळाले आहे. छपरावरचा डीटीएच, दूरच्या गावातले एटीएम, तेलविहिरी, जहाजे अशी कामे त्यांच्याकडे आहेत. इन्सॅट हे नाव आता मुख्यत्वे हवामानाचे उपग्रह सांभाळतात: जुलै २०१३ चा इन्सॅट-३डी, सप्टेंबर २०१६ चा ३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला ३डीएस. आणि इथेच आपल्या वाचकांपैकी ज्यांची रोजी उघड्या आभाळाखाली आहे, त्यांचा खरा संबंध येतो.

वरून काय दिसते आणि काय दिसत नाही

हवामानाचा उपग्रह दिवसा उजेडातले चित्र घेतो, रात्री उष्णतेचे घेतो. ढगाचा माथा जितका उंच, तितका तो गार. गार माथा म्हणजे उभा वाढलेला, जोरदार ढग. नव्या उपग्रहांवरचे एक उपकरण वेगवेगळ्या उंचीवरचे तापमान आणि दमट हवा यांचाही अंदाज देते. शिवाय समुद्रात तरंगणाऱ्या आणि डोंगरावर बसवलेल्या स्वयंचलित यंत्रांचे आकडे उपग्रह गोळा करून खाली पाठवतो. दोन उपग्रहांच्या वेळा आलटून-पालटून ठेवल्या की दर पंधरा मिनिटांनी नवे चित्र हाती येते.

समुद्रातले वादळ शोधण्यात या चित्राला तोड नाही. खोल समुद्रात वेधशाळा नसते. पूर्वी एखादे जहाज वादळात सापडले आणि त्याने बिनतारी संदेश दिला तरच किनाऱ्याला कळे. आता ढग गोल फिरू लागले, त्यांना पीळ पडला, मधोमध डोळा दिसू लागला की वाऱ्याचा वेगही चित्रावरून ताडता येतो. वादळाचा मार्ग सांगण्यातली चूकही कमी होत आली आहे. चोवीस तास आधी सांगितलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतले सरासरी अंतर आता शंभर किलोमीटरच्या आत असते.

याने जीव किती वाचले? आंध्रात १९ नोव्हेंबर १९७७ रोजी दिवीसीमाला जे वादळ आदळले, त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. मे १९९० मध्ये त्याच किनाऱ्यावर तसेच जबर वादळ आले, तेव्हा मृतांचा आकडा हजाराच्या आसपास राहिला. हजार हा आकडाही लहान नाही, पण दहा हजार आणि हजार यांच्यामधला फरक उपग्रहाने दिलेल्या आणि किनाऱ्यापर्यंत पोहोचलेल्या सूचनेचा होता. त्या काळी किनाऱ्यावरच्या गावांत इन्सॅटवरून चालणारे भोंगे बसवले होते. ज्या जिल्ह्याला धोका त्याच जिल्ह्याचे भोंगे वाजत आणि स्थानिक भाषेत घोषणा होई. तारा तुटल्या तरी ही घोषणा थांबत नसे. पण नुसता उपग्रह पुरत नाही, हे ओडिशाने ऑक्टोबर १९९९ मध्ये सोसले. वादळ दिसत होते, तरी दहा हजारांच्या घरात माणसे गेली, कारण हलवायला निवारे नव्हते आणि तयारी नव्हती. त्याच ओडिशाने २०१३ च्या फायलिन आणि २०१९ च्या फानी वादळात लाखो लोक आधी हलवले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत ठेवला.

आता उपग्रहाला काय दिसत नाही ते सांगतो, कारण मुंबईतल्या आपल्या कारागिरांनी त्याची किंमत मोजली आहे. उपग्रह ढगाचा माथा पाहतो. त्याखाली नेमक्या कुठल्या गल्लीत किती पाणी पडणार, हे त्याला सांगता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहरात वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७४ मिलिमीटर. कुलाब्याच्या माणसाने छत्री उघडून काम केले, आणि कुर्ला, कलिना, धारावीच्या गाळ्यांत शिलाई यंत्रे, चामडे, कागद, भंगार सारे मिठी नदीच्या पाण्यात गेले. असा पाऊस आधी सांगायचा तर डॉपलर रडार लागते, जे ढगाच्या पोटात पाहते. मुंबईला ते नंतर मिळाले, आणि अंधेरीत वेरावलीचे दुसरे रडार सुरू झाले ते २०२२ मध्ये. चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हाही दुकानदाराचा प्रश्न हाच होता. ‘जिल्ह्यात अतिमुसळधार’ हा अंदाज वर्तमानपत्राला पुरतो. दुकानदाराला हवे असते ते पाणी माझ्या पायरीला किती वाजता लागेल. ते उत्तर नदीवरच्या मापकातून आणि धरणाच्या विसर्गाच्या आकड्यातून येते, आकाशातून नाही. म्हणून उपग्रहाचा अंदाज हा माल वरच्या माळ्यावर चढवण्याचा इशारा समजावा, घड्याळ समजू नये.

नाखव्याचा हिशेब

सगळ्यात अवघड टप्पा समुद्रातला आहे. रत्नागिरीच्या राजिवडा-मिरकरवाड्यातले दालदी बांधव असोत, हर्णै-श्रीवर्धनचे कोळी असोत, वरून मिळालेली खबर शेवटी त्यांच्या बोटीच्या फळीवर पोहोचली पाहिजे.

बंदरात बावटा लागतो. एक ते अकरा नंबरचे बावटे असतात, आणि तीन नंबरचा बावटा म्हटले की कोकणातल्या पोरालाही कळते. पण बावटा बंदरातल्या माणसाला दिसतो. जो आठ दिवसांसाठी खोल समुद्रात गेला आहे, त्याला कसा दिसणार? मोबाईल किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मुका होतो. व्हीएचएफ वायरलेस वीस-पंचवीस सागरी मैलांपर्यंत साथ देतो. त्यापुढे तांडेल आणि आभाळ.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळाने हे उघडे पाडले. केरळ आणि कन्याकुमारीच्या खोल समुद्रातल्या बोटी सूचना निघण्याच्या कितीतरी आधी बंदर सोडून गेल्या होत्या. उपग्रहाला वादळ दिसत होते आणि वेधशाळा सांगत होती, पण ज्यांना सांगायचे ते ऐकण्याच्या टप्प्यातच नव्हते. शेकडो मच्छीमार मेले किंवा कायमचे बेपत्ता झाले. त्याच वादळातून भरकटलेल्या ६८ बोटी साडेनऊशेच्या वर खलाशांसह आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या आणि वाचल्या. आपल्याकडेही नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात कोकणातल्या खलाशांचे जीव गेले होते.

जून २०२० चे निसर्ग वादळ उलट प्रकारचे. त्या वेळी पावसाळी मासेमारी बंदीचा काळ सुरू झाला होता, खबर दोन दिवस आधी स्पष्ट होती, आणि किनाऱ्यावरून हजारो माणसे हलवली गेली. ३ जूनला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरजवळ जमिनीवर आले. मृतांचा आकडा लहान राहिला. पण सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, छपरांचे पत्रे उडाले, आणि विजेचे खांब व मोबाईलचे मनोरे पडल्याने श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांतल्या पुष्कळ गावांचा संपर्क काही दिवस तुटला. मुंबईतल्या आणि आखातातल्या मुलांना घरची खबर कळेना. वादळ येण्याआधी चोख चाललेली यंत्रणा वादळ आल्यावर जमिनीवर मोडून पडली.

नाखव्याची एक अडचण वेधशाळेच्या कागदात कधी येत नाही. एका फेरीला डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांचा पगार असा खर्च आधीच झालेला असतो. सूचना आली, बोट अर्ध्यातून परतली, आणि वादळ तिसरीकडे वळले तर तो सारा खर्च नाखव्याच्या अंगावर पडतो. असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी तो म्हणतो, बघू या. त्याला बेपर्वा म्हणणे सोपे आहे. किनाऱ्यावर बसून सूचना देणाऱ्याचा पगार वादळ वळल्याने कापला जात नाही. माझ्या मते, सूचना पाळून परतलेल्या बोटीच्या डिझेलचा काही भाग भरून देण्याची सोय झाली, तर ती कोणत्याही भोंग्यापेक्षा जास्त जीव वाचवील.

डिझेलचा विषय निघालाच आहे तर एक फायद्याची गोष्ट सांगतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातल्या हिरव्या सूक्ष्म वनस्पती पाहून मासळी कुठे जमण्याचा संभव आहे, ते कळवते. दिशा, अंतर आणि खोली दिलेली असते. मासळी शोधत फिरण्याचे तास वाचले की डिझेल वाचते. ही माहिती मोफत आहे, मराठीतही मिळते. ढग दाट असले की चित्र मिळत नाही, आणि बंदीच्या काळात ती दिली जात नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

बोटीपर्यंत खबर नेण्याचा बंदोबस्त ओखीनंतर सुरू झाला. २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे लहान यंत्र आले. ते उपग्रहावरून आलेली सूचना तांडेलाच्या मोबाईलवर दाखवी, पण बोटीवरून उलट निरोप पाठवता येत नसे. तो दोष दूर करणारा ट्रान्सपाँडर इस्रोने तयार केला. किनारी राज्यांतील एक लाख बोटींवर तो बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पालघरमध्येच झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांची ही योजना आहे आणि बोटमालकाकडून यंत्राचे पैसे घेतले जात नाहीत. मोबाईलचा टप्पा संपल्यावरही यातून छोटे निरोप दोन्ही बाजूंनी जातात. वादळाची सूचना येते, संकटात मदत मागता येते, मासळीच्या जागेची माहिती येते आणि सागरी हद्द जवळ आली की इशारा मिळतो. आपली बोट कुठे जाळे टाकते हे सरकारला कळेल, अशी धास्ती काही मालकांना वाटू शकते, आणि ती अगदीच निराधार नाही, कारण बोटीची जागा त्यात दिसते. पण रात्री इंजिन बंद पडलेल्या बोटीची जागा तटरक्षक दलाला नेमकी कळणे, हीही त्याच तराजूतली दुसरी बाजू आहे.

आखातातून येणाऱ्या बांधवांसाठी एक सूचना इथेच देणे जरूर आहे. तिकडे सॅटेलाइट फोन सहज मिळतो, म्हणून बोटीवरच्या भावासाठी कोणी तो सामानात घालून आणू नये. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन आणणे, जवळ बाळगणे आणि वापरणे बेकायदा आहे. विमानतळावर किंवा बंदरात तो सापडल्यास माणूस कोठडीत जाऊ शकतो. हेतू चांगला होता, हे तिथे चालत नाही. सॅटेलाइट फोन हवाच असेल तर तो परवानगी घेऊन बीएसएनएलमार्फत घ्यावा.

ट्रान्सपाँडर ज्यांच्या बोटीवर अजून बसलेला नाही, त्यांनी बोटीची नोंदणी आणि मासेमारी परवान्याचे कागद घेऊन आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. यंत्राला जोडायचे ‘नभमित्र’ नावाचे अॅप तांडेलाच्या फोनमध्ये असावे लागते, आणि ते बंदर सोडण्यापूर्वी एकदा लावून पाहावे. समुद्रात अडचण आली आणि फोनचा टप्पा असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. तो केबिनच्या फळीवर रंगाने लिहून ठेवावा. फोन भिजला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतो.